खोललेली गाडी

दोन हेल्परांनी मनावर घेतलं तर जुनी फियाट दोन-तीन दिवसांत पार खोलून होते. बंपर, दारं, काचा, सीटा, वायरिंग, रेडिएटर, इंजिन, गिअरबॉक्स सगळं उतरतं आणि शेडमध्ये नुसता पत्र्याचा सांगाडा उरतो. बांधायला मात्र महिनेच्या महिने जातात. या मधल्या काळात गाडीचा मालक पुरता परस्वाधीन असतो. गाडी त्याला चालवत नेता येत नाही, ढकलत नेता येत नाही, आणि समोर पडलेल्या सामानातलं आपलं कोणतं, हेही सांगता येत नाही. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतला प्रामाणिकपणा कसाला लागतो तो याच काळात. क्लासिक गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन मिस्त्री म्हणून काम करताना हे मी फार जवळून पाहिलं.

मी कोल्हापूरचा. आयटीआय करून शिवाजी उद्यमनगरातल्या एका रिबोअरिंग शॉपमध्ये लागलो आणि तिथंच मिस्त्री झालो. ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, जीप, ट्रक, फियाट, ॲम्बेसिडर, जे येईल त्याचा ब्लॉक बोअर करायचा, क्रँक ग्राइंड करायचा, व्हॉल्व्हच्या सीटा कापायच्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात विचार करायची सवय तिथं लागली. पुढं काम आटत गेलं. नव्या गाडीचं इंजिन बसलं की आता बहुतेक वेळा ब्लॉक बदलायलाच सांगतात. काही ॲल्युमिनियम ब्लॉकांत सिलिंडरच्या आतला कठीण थर इतका पातळ असतो की जुन्या पद्धतीनं रिबोअर करण्याचा प्रश्नच येत नाही. बोअरिंग मशिनवर धूळ बसू लागली, तेव्हा पुण्याबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या इंजिनांचा जाणकार माणूस हवा आहे असं एका ओळखीच्यानं सांगितलं. मला वाटलं, आपल्या कामाची किंमत असलेली जागा अजून कुठंतरी आहे. मी बिऱ्हाड हलवलं.

शेड मोठी आणि स्वच्छ होती. दर्शनी भागात चकाकणाऱ्या गाड्या, मागं काम चालू असलेल्या. एक विलीज जीप, दोन ॲम्बेसिडर, एक जुनी मर्सिडीज, आणि फियाट तर चार-पाच. मालक गोड बोलायचे. वारसा जपायचा, मूळ गाडी जशी होती तशी उभी करायची, हे त्यांचं ठरलेलं बोलणं होतं आणि ते ऐकून मला खरोखर बरं वाटलं होतं.

खटकलं ते सामान ठेवायची पद्धत पाहून. उद्यमनगरात ब्लॉक आत आला की गिऱ्हाइकाची खूण पंचानं ठोकली जायची. मेन बेअरिंगच्या कॅपांवर, कनेक्टिंग रॉडवर नंबर पडायचे. यामागं कारण आहे. फियाटच्या क्रँकला तीन मेन बेअरिंगं. त्यांच्या कॅपा ब्लॉकवर बसवून एका रेषेत बोअर केलेल्या असतात, त्यामुळं एकीच्या जागी दुसरी किंवा एका ब्लॉकची कॅप दुसऱ्याला चालत नाही. दिसायला सगळ्या सारख्या, पण बदलल्या की क्रँक जाम होतो, नाहीतर बेअरिंग खातो. इथं मात्र कॅपा, रॉड, व्हॉल्व्ह सगळं एकाच प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. स्क्रू आणि बोल्ट एका डब्यात. कुठल्या गाडीचं काय, हे हेल्परांच्या डोक्यात. आणि हेल्पर तर चार-सहा महिन्यांत सोडून जायचे. मी रजिस्टर घालू या म्हणालो. मालक म्हणाले, "करू की, मिस्त्री." ते रजिस्टर शेवटपर्यंत आलं नाही. मी माझ्या टेबलापुरती वही घातली आणि चिंध्यांच्या पिशव्यांवर नावं लिहून सामान बांधून ठेवू लागलो.

सरांची फियाट आली ती माझ्या डोळ्यांदेखत. वाईकडचे निवृत्त मुख्याध्यापक. गाडी १९६८ सालची, अकराशे डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून हे मॉडेल बांधलं. तीच गाडी पुढं प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. त्या काळात पैसे भरून फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. सरांचे वडील डॉक्टर होते, तालुक्याच्या खेड्यांतून व्हिजिटला याच गाडीनं जायचे. त्यांची एक जाड वही सरांनी सोबत आणली होती. पहिल्या पानावर चेसी नंबर आणि इंजिन नंबर, पुढं प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायर, कोणत्या महिन्यात ब्रेकचे रबर बदलले, कुठल्या घाटात पाणी उकळलं, सगळं निळ्या शाईत. १९८१ च्या पानावर लिहिलं होतं: इंजिन उतरवून रिबोअर, पहिली साईज. गाडीवर एवढं लक्ष ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सरांची इच्छा साधी होती. गाडी चालती व्हावी आणि व्हिंटेज म्हणून नोंदवावी. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये त्यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, पण ती मूळ स्वरूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते. सरांना तेवढंच हवं होतं. ॲडव्हान्स भरून, हात जोडून ते एसटीनं परत गेले. आठवड्याभरात गाडी खोलून झाली.

ब्लॉक माझ्या टेबलावर यायला बराच काळ गेला. आधी कास्टिंग धुऊन घेतलं, वरचा कार्बन खरवडला, आणि मापायच्या आधीच थबकलो. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर चारही सिलिंडरांच्या भोवती केसासारखी बारीक गोल रेघ दिसत होती. ती स्लीव्हची कड. ब्लॉक बोअर करत करत शेवटच्या साईजला पोचला की आत नवी नळी प्रेसनं ठोकून पुन्हा मूळ मापावर आणतात. डिलाइटचं मूळ माप ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, त्यातून १,०८९ सीसी होतात. बोअर गेज आत सोडला. वर, मधे, तळाशी, आधी क्रँकच्या लांबीला धरून, मग आडवा. सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या रिंगच्या फिरतीपाशी, म्हणून तिथलं माप फार काही सांगून जातं. ही मापं स्लीव्ह घातल्यानंतरही खूप पळालेल्या इंजिनाची होती. आणि डॉक्टरांची वही सांगत होती की रिबोअर एकदाच झालंय, पहिल्या साईजला.

वही ऑफिसात होती. पहिलं पान काढलं. ब्लॉकवर नंबर ठोकलेली सपाट जागा वायर ब्रशनं साफ केली, कागद धरून पेन्सिल फिरवली, आरटीओत चेसीचा ठसा काढतात तसा. नंबर वेगळा होता.

सरांचा ब्लॉक मला मागच्या भिंतीपाशी मिळाला. एका बड्या गिऱ्हाइकाची पद्मिनी समारंभासाठी लवकर द्यायची होती, तिच्यासाठी तो बाजूला काढून ठेवलेला. नंबर तंतोतंत वहीतला. मी तोही मापला. १९८१ नंतर डॉक्टरांनी गाडी किती जपून चालवली असेल हे त्या चार भोकांत वाचता येत होतं. झीज होती, पण पुढच्या साईजला बोअर केलं की इंजिन नव्यासारखं चालणार होतं, स्लीव्हची गरजच नव्हती. चांगला ब्लॉक चांगल्या गिऱ्हाइकाला आणि थकलेला ब्लॉक मास्तरांना, असा हा हिशेब.

मी मालकांकडं गेलो. ते म्हणाले, "मिस्त्री, ब्लॉक हा ब्लॉकच असतो. बॉनेट उघडून आत कोण बघतंय?" मी म्हणालो, आरसी बुकात इंजिन नंबर आहे, सरांना व्हिंटेज नोंदणी करायची आहे, तपासणीत पहिल्यांदा हेच बघणार. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "नंबर काय, ठोकून घेऊ."

मी एवढंच सांगितलं की हे माझ्या हातून होणार नाही आणि माझ्या टेबलावरही होणार नाही. इंजिनावरचा नंबर घासून दुसरा ठोकणं हा गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या पचवतात त्या अशाच. पण कायद्याचं सोडा. त्या माणसानं वडिलांची वही विश्वासानं आपल्या हातात दिली होती, आणि आपण त्या वहीतलं पहिलंच पान खोटं करायला निघालो होतो. मला संताप आला तो याचा. पद्मिनीत अजून ब्लॉक बसलेला नव्हता, म्हणून सरांचा ब्लॉक परत मिळवता आला. मी तो पुढच्या साईजला बोअर करून होन केला, क्रँक पॉलिश केला, कॅपा सुदैवानं ब्लॉकलाच लागलेल्या होत्या. ॲल्युमिनियमचं हेड सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहिलं. घाटात पाणी उकळल्याची नोंद वहीत होतीच, हेडला थोडा बाक निघाला, फेसिंग करून घेतलं. ते इंजिन मी मनापासून बांधलं. त्या वर्कशॉपमध्ये मला समाधान देणारं काम हे एकच.

त्या दिवशी मालक आणखी एक वाक्य बोलून गेले आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. "खोललेली गाडी घेऊन गिऱ्हाईक जाणार कुठं?" पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की तिथला सगळा कारभार या एका वाक्यावर उभा होता. गाडी आली की तातडीनं खोलायची. मग काम थांबायचं. नव्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून जुन्याची क्रोमिंग, जुन्याच्या पैशातून त्याच्याही आधीच्याची सीटकव्हरं. ज्याचा आवाज मोठा किंवा ओळख मोठी, त्याची गाडी पुढं सरकायची. बाकीच्यांच्या सांगाड्यांवर ताडपत्री. ज्या गाडीचा सुटा भाग हवा असेल ती जणू भांडारच, तिच्यातून काढायचा आणि दुसरीला लावायचा. मालकाला पत्ता लागत नाही, कारण आत येताना गाडीबरोबर काय काय होतं हे कुणी लिहिलेलंच नसतं.

पत्राकामाचं तर याहून वाईट. फियाट अकराशेला वेगळी चेसी नाही. जीपला खाली लोखंडी चौकट असते, तिच्यावर बॉडी बसते. फियाटची बॉडी हीच तिची चेसी. फ्लोअरचा पत्रा, दारांखालचे बॉक्स, पुढच्या सस्पेन्शनचे आधार, हे सगळं मिळून गाडीचं वजन पेलतं. दारांखालचा तो पोकळ भाग आतून गंजतो, कारण पावसाचं पाणी आणि माती तिथं साठते. नीट काम करायचं तर सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, नवा पत्रा घडवून वेल्ड करायचा, आतून गंजरोधक मारायचं. याला वेळ लागतो, आणि केलेलं बाहेरून दिसत नाही.

तिथला डेंटर उत्तम कारागीर होता. मूळचा नगरकडचा, हातोडी आणि डॉली घेऊन बसला की पत्रा त्याचं ऐकायचा. सरांच्या गाडीचा डावा बॉक्स त्यानं स्क्रूड्रायव्हरनं टोचून दाखवला, टोक आरपार गेलं. तो म्हणाला, हे कापायला पाहिजे. त्याला सांगण्यात आलं की शनिवारी पेंटर येणार आहे. मग आत जाळी कोंबली गेली, वर पुट्टीचे थर, सॅंडपेपर, प्रायमर आणि शेवटी सुरेख फिका निळा रंग. मी एका चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून त्या बॉक्सवरून फिरवलं. दाराच्या पत्र्याला तो टचकन चिकटायचा, खाली आला की गळून पडायचा. हात-दीड हात लांबीत लोखंडच नव्हतं. नेमकी तिथंच जॅक लावायची जागा. पुट्टी ऊनपावसात भेगाळते, भेगेतून ओल धरते आणि आतला गंज दुप्पट वेगानं पसरतो. एखाद्या धक्क्यात ती बाजू दबली असती तर आत बसलेल्यांचं काय झालं असतं, हे कुणालाही समजण्यासारखं आहे. डेंटर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आपलं नाव लागलेलं खोटं काम कारागिराला असं आतून कुरतडतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. गिऱ्हाईक जाताना शिव्या देतं ती मिस्त्रीला आणि डेंटरला.

क्रोमची कथा थोडक्यात सांगतो. तांबं, मग निकेल, मग क्रोम असे थर चढवले तर बंपर वर्षानुवर्षं टिकतो. तांब्याला फाटा दिला की पैसे वाचतात आणि थोड्याच पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. सरांचे बंपर कोणत्या प्रकारचे झाले ते सांगायला नको.

सर अधूनमधून येत. एसटीनं स्वारगेटला, तिथून बस बदलून, हातात पिशवी. ऑफिसात चहा मिळायचा आणि पुढची तारीख. मग ते शेडमध्ये माझ्याकडं येऊन उभे राहायचे, "मिस्त्री, खरं सांगा, कुठवर आलंय?" एका खेपेला मालक शेजारी असतानाच मी खरं सांगितलं. इंजिन तयार आहे आणि ते तुमचंच आहे, नंबर पडताळून घ्या. डावा बॉक्स सडलेला आहे, वरून रंग दिलाय, या बाजूला जॅक लावू नका. सर शांतपणे ऐकत होते. शिक्षकाचा पेशा असल्यामुळं असेल, त्यांनी खिशातून कागद काढला आणि सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, गाडी आहे तशी द्या.

ट्रक आला त्या दिवशी आम्ही दोघांनी यादी करायला घेतली. वहीच्या आधारानं आणि सरांकडच्या जुन्या फोटोंवरून काय असायला हवं ते लिहायचं आणि समोर आहे त्यावर खूण करायची. हॉर्नची रिंग नव्हती. पुढच्या छोट्या त्रिकोणी काचांचे खटके नव्हते. हेडलाइटच्या दोन्ही क्रोम रिंगा नव्हत्या, मूळ जॅक नव्हता, पुढची मूळ जाळी नव्हती. तिच्या जागी पद्मिनीची जाळी ठेवलेली होती, जी डिलाइटची नाहीच. मालक म्हणाले, गाडी अशीच आली होती. सरांकडं ॲडव्हान्सची पावती होती, पण त्या पावतीवर सामानाचा एक शब्द नव्हता. तिथं सर हरले. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे 'फिव्हा'ची, ट्युरिन सनद आहे. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवा असा तिचा आग्रह आहे. उद्यमनगरातले माझे वस्ताद सातवीपर्यंत शिकलेले, त्यांनी ही सनद पाहिलेली नव्हती, पण गिऱ्हाइकासमोर सामान मोजून त्याची सही घेतल्याशिवाय ते पान्याला हात लावू देत नसत. म्हणून कुणी मला जुनी गाडी कुठं द्यावी असं विचारलं, तर मी वर्कशॉपचं नाव सांगत नाही. गाडी खोलण्याआधी ते काय लिहून देतात ते बघा, इंजिन आणि चेसी नंबरचा पेन्सिलनं ठसा काढून दोघांच्या सह्या करा, रंग देण्याआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन बघा, इतकंच सांगतो.

मी त्याच महिन्यात नोकरी सोडली आणि कोल्हापूरला परतलो. पगाराचा काही भाग राहिला, तो मागायला गेलो नाही.

सरांची गाडी आता कोल्हापुरात आहे. तो डेंटरही तिथून बाहेर पडला, त्यानं आमच्याकडं येऊन दोन्ही बाजूंचे बॉक्स कापले. डाव्या बाजूनं निघालेली पुट्टी आणि जाळी आम्ही जपून ठेवली आहे. हेडलाइटच्या रिंगा पुण्याच्या जुन्या बाजारातून मिळाल्या. पद्मिनीचं सामान अजून हाताला लागतं. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तिच्या आधीच्या हजारो गाड्यांचे भाग भंगारातून इकडंतिकडं फिरताहेत. डिलाइटची जाळी आणि हॉर्नची रिंग मात्र मिळणं अवघड. नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी, त्यामुळं दुसरं काही लावून भागणार नाही, शोध चालू आहे.

सरांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणं तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणून त्यांना पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दोन्ही ब्लॉकांची मापं, पेन्सिलनं काढलेले ठसे आणि गाडीतल्या सामानाची यादी मी तारीख घालून, सही करून दिली आहे. डेंटरनंही पत्राकामाबद्दल लेखी दिलं आहे. साक्षीला बोलावलं की आम्ही दोघंही जाणार आहोत.